ट्रे पुढे गेला, दात मागे राहिला

मारेगाव, झरी, कोरची, सिरोंचा. अशा गावांहून वाकड्या दातांसाठी ऑर्थोडॉन्टिस्ट गाठायचा तर नागपूर, अमरावती, नाहीतर वर्ध्याजवळचं सावंगी. तारा लावल्या की चार ते सहा आठवड्यांनी खेप ठरलेलीच. मध्येच एखादं ब्रॅकेट सुटलं किंवा तार गालात टोचायला लागली, तर पेरणीच्या दिवसांतही एसटी पकडावी लागते. म्हणून पारदर्शक अलाइनरचं, म्हणजे दातांवर चढवून ते थोडेथोडे सरकवणाऱ्या प्लास्टिकच्या साच्यांचं, लोकांच्या तोंडी बसलेल्या ‘ट्रे’चं, आकर्षण इकडे वेगळ्या कारणानं आहे. ते दिसत नाहीत ही शहरातली कौतुकाची गोष्ट. इथे महत्त्वाचं हे, की डॉक्टर सहा-आठ ट्रे एकदमच पिशवीत घालून देतात आणि काही महिने खेप पडत नाही.

सोय मोठी आहे, पण तिच्यासोबत एक काम पेशंटच्या गळ्यात येतं. तारेच्या उपचारात दात भलतीकडे निघाला तर महिन्याभरात डॉक्टरांच्या नजरेस पडतो. ट्रेच्या उपचारात ते पहिल्यांदा पाहणारा माणूस घरातल्या आरशासमोर उभा असतो, आणि काय पाहायचं हे त्याला बहुधा कुणी नीट सांगितलेलं नसतं. त्याच्या हातात फक्त तारखांचा कागद असतो: अमुक तारखेला पाच नंबर, तमुक तारखेला सहा. मग तो कागदाप्रमाणे ट्रे बदलत जातो.

इथेच बहुतेक घोटाळे सुरू होतात. सगळे ट्रे एकाच स्कॅनवरून, आधीच बनवलेले असतात. बाराव्या ट्रेनं गृहीत धरलेलं असतं की अकराव्यानं आपलं काम पूर्ण केलं. एक ट्रे एका दाताला जास्तीत जास्त पाव मिलिमीटर सरकवतो, आणि फिरवायचा असेल तर दोनेक अंश. हा आकडा उगाच ठरलेला नाही. दाताचं मूळ आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये धाग्यांचा जो पातळ थर असतो, त्याची जाडीच साधारण 0.2 मिलिमीटर असते. तो थर एका बाजूनं दाबला गेला की तिथलं हाड झिजायला लागतं, दुसऱ्या बाजूला नवं भरतं, आणि या कामाला दिवस लागतात. एखादा दात एका ट्रेमध्ये अर्धाच सरकला तर पुढचा ट्रे त्याच्याकडे पाव नव्हे, पाव अधिक उरलेलं, एवढं मागतो. असंच होत राहिलं तर चार ट्रेनंतर दात आणि प्लास्टिक यांच्यात सरळ अर्ध्या मिलिमीटरची फट पडलेली असते. मग फोन येतो: “डॉक्टर, नवा ट्रे बसूनच नाही राहिला जी.” खरं तर तो तीन ट्रे आधीपासून बसत नव्हता.

म्हणून पाहायचं ते असं. ट्रे घालून खिडकीशी, दिवसाच्या उजेडात उभं राहा. समोरच्या दातांच्या खालच्या कडा आणि प्लास्टिक यांच्यामध्ये पोकळी दिसते का? मापाला एटीएम कार्ड चांगलं, त्याची जाडी 0.76 मिलिमीटर असते. कार्डाच्या निम्म्याइतकी फट नव्या ट्रेच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत चालते, ती भरते. ट्रे बदलायची तारीख आली तरी ती तेवढीच असेल, किंवा फट कार्डाएवढी असेल, तर पुढचा ट्रे उघडायचा नाही. दुसरं पाहायचं ते दातांवर चिकटवलेले फुगवटे, म्हणजे अटॅचमेंट. प्रत्येक फुगवट्यासाठी ट्रेमध्ये नेमका खळगा असतो. फुगवटा खळग्यात पूर्ण बसलेला हवा. त्याच्या कडेला चंद्रकोरीसारखी हवा दिसली की समजावं, हा दात मागे राहतोय.

मागे का राहतो, याची कारणं शोधताना आधी तास मोजावेत. ते कुणाला आवडत नाही. ट्रे दिवसाचे 22 तास तोंडात हवा असं सांगतात, म्हणजे खाण्यापिण्याला उरले दोन. आता शेतकऱ्याचा दिवस मांडा: सकाळचा चहा, न्याहारी, शेतावर शिदोरी, चारचा चहा, रात्रीचं जेवण. प्रत्येकाला अर्धा तास धरला तरी अडीच तास गेले. त्यात जिथे जाल तिथे चहा समोर येतो, आणि तो नाकारला तर घरवाल्यांना वाईट वाटतं. चौदा दिवसांच्या ट्रेचा हिशेब 308 तासांचा आहे. कुणी दिवसाला 15 तासच घालत असेल तर तेवढ्या तासांना 20-21 दिवस लागतात, आणि तोही हिशेब उदारच, कारण ट्रे बाहेर असताना दात थोडा मागे फिरतो. काही डॉक्टर आता सात दिवसांनी ट्रे बदलायला सांगतात. तास खरोखर भरत असतील तर ते चालतं. कापूस वेचणीच्या किंवा लग्नसराईच्या महिन्यात मात्र आपणहून फोन करून ‘मला चौदा दिवसांवर ठेवा’ म्हणणं शहाणपणाचं. उपचार दोन महिने लांबला तर बिघडत नाही, अर्धवट बसलेल्या ट्रेंची रांग लागली तर बिघडतं.

तास भरूनही फट राहत असेल तर पुढचा संशय जागेवर घ्यावा. दात फिरायला किंवा रांगेत यायला शेजाऱ्यांच्या मध्ये जागा लागते. ती करण्यासाठी डॉक्टर हिऱ्याचा लेप असलेल्या पातळ पट्टीनं दोन दातांच्या मधलं इनॅमल 0.1 ते 0.5 मिलिमीटर घासतात. ही घासणी ठरल्यापेक्षा कमी झाली, किंवा पुढच्या खेपेवर ढकलली गेली आणि खेपच चुकली, तर दात दोन्हीकडून अडकलेला राहतो. घरी तपासायचं साधन म्हणजे फ्लॉसचा दोरा. त्या दाताच्या दोन्ही बाजूंनी दोरा जात नसेल किंवा तुटून येत असेल, तर कितीही दिवस ट्रे घातला तरी दात हलायचा नाही. हे फोनवर नेमकं सांगितलं तर डॉक्टरांचा अर्धा तपास तिथेच होतो.

तिसरं कारण दाताच्या आकारात असतं, आणि त्यात पेशंटचा काहीच दोष नसतो. समोरच्या वरच्या दोन मोठ्या दातांच्या शेजारचे लहान दात सगळ्यात जास्त रखडतात. त्यांना खाली ओढायचं असतं, पण प्लास्टिक धरणार कशाला? ओला चिंचोका दोन बोटांत दाबला की निसटतो, तसा हा दात ट्रेमधून वर निसटतो. सुळा आणि त्यामागची उपदाढ यांचं दुखणं वेगळं. ते गोलसर असतात, ट्रे त्यांच्याभोवती फिरतो, दात जागेवरच. संगणकावरच्या चित्रात हे सगळे दात सुरेख वळतात. प्रत्यक्षात ठरवलेल्या हालचालीपैकी सरासरीनं निम्म्याच्या आसपासच घडते असं अभ्यासांत दिसलं आहे, आणि दात खाली ओढणं किंवा सुळा फिरवणं यांत त्याहूनही कमी. हे आधीच माहीत असलेला डॉक्टर योजनेत जादा हालचाल टाकून ठेवतो. जो फक्त ट्रे बनवणाऱ्या कंपनीकडून आलेलं चित्र मंजूर करतो, त्याच्या पेशंटला ते नंतर भोगावं लागतं.

उपाय पायरीपायरीनं करायचे. आधी च्युई. ही मऊ रबरासारखी नळकांडी असते, ती रखडलेल्या दाताखाली धरून पाच सेकंद दाबायचं, सोडायचं, पुन्हा दाबायचं. असं पाच-दहा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, मुख्यतः जेवणानंतर ट्रे परत घातल्यावर. एवढी स्वस्त वस्तू आणि एवढी दुर्लक्षित दुसरी नसेल. नुसते दात आवळून ट्रे बसवू नये, तसं केलं की तो दाढेपाशी तडकतो. च्युईसोबत तोच ट्रे आणखी पाच-सात दिवस. तरी फट कायम असेल तर डॉक्टरांना विचारून मागच्या नंबरावर जायचं, तो पूर्ण बसला की पुन्हा पुढे यायचं. म्हणून जुने ट्रे फेकू नयेत. मागचे दोन जोड तरी नंबरासकट धुऊन ठेवावेत.

एवढ्यानंही दात हलला नाही तर खेप अटळ. तिथे त्या दाताच्या पुढे-मागे छोटी बटणं चिकटवून ट्रेवरून रबर लावतात, रबर दाताला खाली ओढून ट्रेमध्ये आणतं. किंवा पुन्हा स्कॅन करून पुढचे ट्रे नव्यानं बनवतात. याला रिफाइनमेंट म्हणतात, आणि ते लागणं म्हणजे उपचार फसला असं नाही, बहुतेकांना एकदा तरी लागतंच. पैसे भरण्याआधी विचारून घ्यायची गोष्ट हीच: रिफाइनमेंट ठरलेल्या रकमेत आहे का, आणि किती वेळा.

अटॅचमेंट पडण्याची तक्रार यवतमाळ-चंद्रपूरकडे जरा जास्त ऐकू येते, आणि तिचं कारण पुष्कळदा बोअरच्या पाण्यात असतं. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत, अशी भारतीय मानकाची मर्यादा आहे. या दोन जिल्ह्यांच्या काही गावांत ती ओलांडली जाते. लहानपणी ते पाणी प्यालेल्यांच्या दातांवर पांढरे पट्टे किंवा पिवळे-तपकिरी डाग असतात. अटॅचमेंट चिकटवताना दातावर 37 टक्क्यांचं फॉस्फोरिक आम्ल लावून पृष्ठभाग खरखरीत करतात, साध्या दाताला 15 ते 30 सेकंद पुरतात. फ्लोराइड मुरलेलं वरचं इनॅमल आम्लाला दाद देत नाही. तिथे वरचा थर हलका घासून घ्यावा लागतो, आम्ल मिनिटभर किंवा जास्त ठेवावं लागतं, आणि दात अगदी कोरडा राखावा लागतो. हे न करता लावलेले फुगवटे आठवड्यात ट्रेसोबत निघून येतात. तेव्हा दात डागाळलेले असतील तर पहिल्याच भेटीत गावाचं पाणी कसलं ते सांगावं. शहरातल्या डॉक्टरच्या लक्षात ते येईलच असं नाही.

फुगवटा पडला म्हणून लगेच एसटी पकडायची गरज नसते. ट्रे घालणं चालू ठेवायचं आणि कोणत्या दातावरचा पडला ते कळवायचं. दाढेवरचा असेल तर पुढच्या खेपेपर्यंत बहुधा थांबता येतं. फिरणाऱ्या सुळ्यावरचा किंवा खाली ओढायच्या लहान दातावरचा असेल तर थांबू नये, त्या दाताला धरणारं तेवढंच होतं. पडण्याची बाकी कारणं घरगुती: फुटाणे, ऊस दातानं सोलणं, आणि ट्रे चुकीचा काढणं. ट्रे समोरून ओढायचा नाही. मागच्या दाढेपाशी, जिभेच्या बाजूनं बोटाचं नख घालून एक बाजू सोडवायची, मग दुसरी, मग तो समोर येतो. रोज एकाच बाजूनं काढला तर त्या बाजूची दाढेमागची कड लवकर चिरते.

खर्ऱ्याबद्दल बोलल्याशिवाय विदर्भात दातांवर लिहिता येत नाही. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून दिवसातून सहा वेळा तोंडात जात असेल आणि प्रत्येक वेळी ट्रे अर्धा तास बाहेर राहत असेल, तर तीन तास तिथेच गेले. ट्रे न काढता खाल्ला तर त्याहून वाईट, तंबाखूचा रस प्लास्टिकखाली हिरडीला लागून तासन्‌तास बसतो. पण खरा अडसर सुपारीचा आहे. तिनं गालाची कातडी आतून आवळत जाते आणि तोंड उघडेनासं होतं. स्वतःची तीन बोटं उभी तोंडात गेली पाहिजेत. दोनच जात असतील तर मागच्या दाढांपर्यंत स्कॅनर नीट पोहोचत नाही, तिथे अटॅचमेंट चिकटत नाहीत, आणि ट्रे काढ-घाल करताना ओठाचे कोपरे फाटतात. अशा तोंडाला आधी वेगळा उपचार हवा, आणि खर्रा बंद. हिरड्या खाली उतरून दात हलायला लागले असतील तरीही आधी हिरड्यांचं काम, मग ट्रे. हाड कमी असलेल्या दाताला ढकललं तर तो सरळ होण्याऐवजी सैल होतो.

ट्रे तोंडात असताना फक्त साधं पाणी प्यायचं. माठातलं गार पाणी उत्तम. संत्र्याचा रस, उसाचा रस, पन्हं, थंडाईची बाटली ट्रेवरून प्यालं की ते प्लास्टिक आणि दात यांच्यात अडकून राहतं, लाळ तिथे पोहोचून ते धुऊ शकत नाही. मग फुगवट्यांच्या कडेनं खडूसारखे पांढरे डाग पडतात, म्हणजे कीड लागण्याची सुरुवात. वरूड-मोर्शीकडे संत्र्याच्या मोसमात दिवसभर फोडी तोंडात टाकणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं: फळ जेवणासोबत खावं, चूळ भरावी, मग ट्रे. चहानं अटॅचमेंट पिवळे पडतात, हळदीनं तर हमखास. सावजी रस्सा किंवा वांग्याची भाजी खाल्ल्यावर दात न घासता ट्रे घातला तर दुसऱ्या दिवशी तोही पिवळा. हा डाग दिसायला वाईट, उपचाराला नाही. ट्रे तसाही दोन आठवड्यांचा पाहुणा असतो.

उन्हाळ्यानं होणारं नुकसान मात्र दिसत नाही. ज्या पीईटीजी प्लास्टिकपासून बरेच ट्रे बनतात ते 80 अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि पाव मिलिमीटरच्या हिशेबावर चालणारी वस्तू बिघडायला तेवढ्या उष्णतेचीही गरज नसते. मे महिन्यात सावलीत 45-46 अंश असताना उन्हातल्या बंद गाडीचा डॅशबोर्ड, मोटरसायकलची डिक्की, चुलीजवळचा कोनाडा या जागा ट्रेच्या नाहीत. उकळत्या पाण्यानं ‘जंतू मारणं’ तर नाहीच. गार पाणी, मऊ ब्रश, थेंबभर भांड्यांचा द्रवसाबण एवढं पुरतं. टूथपेस्ट नको, तिच्यातल्या कणांनी प्लास्टिकवर चरे पडतात आणि चऱ्यांत घाण बसते. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात धुतलेला ट्रे वाळला की त्यावर पांढुरकी खरवड दिसते. ती पाण्यातल्या क्षारांची. पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी यांत 15-20 मिनिटं बुडवून ब्रशनं घासली की निघते. पुढे शेवटची धुणी कॅनच्या पाण्यानं करावी.

एक गोष्ट शेतीतल्या माणसांसाठीच. फवारणीच्या दिवशी ट्रेला हात लावण्याआधी हात साबणानं, कोपरापर्यंत, दोनदा धुवायचे. एरवी बोट तोंडात जात नाही, ट्रेच्या माणसाचं दिवसातून आठ-दहा वेळा जातं. त्या दिवशी शिदोरी घरी येऊन खाता आली तर सगळ्यात बरं.

किरकोळ गोष्टी लवकर आटोपू. कड गालाला किंवा जिभेला टोचत असेल तर नखं घासायच्या कानशीनं तेवढाच भाग हलका घासावा, कात्री चालवू नये. बोलताना ‘स’ घसरतो, तो आठवड्याभरात सुधारतो, मोठ्यानं पेपर वाचला तर लवकर. नवा ट्रे रात्री झोपताना सुरू केला तर दुखण्याचा जोर झोपेत निघून जातो. दोन-तीन दिवसांची दुखण्याची कळ ठीक, एकाच दाताची आठवडाभर टिकलेली कळ किंवा हिरडीची सूज ठीक नाही. ट्रे हरवला किंवा कुत्र्यानं चावला तर, आणि कुत्र्यांना या प्लास्टिकचा मोठाच सोस, त्याचे दिवस जवळजवळ भरलेले असतील तेव्हा पुढचा घालून पाहावा, नसतील तर मागचा घालून डॉक्टरांना कळवावं. रिकाम्या तोंडानं वाट पाहू नये. नवा ट्रे अजिबातच बसत नसेल तर आधी नंबर आणि वरचा-खालचा तपासावा, वीज नसलेल्या संध्याकाळी ही अदलाबदल सहज होते.

उपचार अर्ध्यावर आला की काहींना भाकर चावता येईनाशी होते. पुढचे दात टेकतात, दाढा टेकत नाहीत. वरच्या आणि खालच्या दाढांच्या मध्ये दिवसरात्र प्लास्टिकचे दोन थर असतात, त्यानं दाढा किंचित आत दाबल्या जातात. कधी पुढचे दात पुरेसे आत न गेल्यानं आधीच एकमेकांवर आपटतात. थोडी फट असेल तर शेवटी ट्रेचा दाढांवरचा भाग डॉक्टर कापून टाकतात आणि दाढा काही आठवड्यांत आपणहून टेकतात, जास्त असेल तर रबर लागतं. घरी कापू नये, कुठून कापायचं ते चावा पाहूनच ठरतं. एकमेकांवर चढलेले दात सरळ झाल्यावर हिरडीपाशी काळा त्रिकोण दिसू लागला तर घाबरू नये. ती फट पूर्वीही होती, चढलेल्या दातामागे झाकलेली. थोडी घासणी करून ती कमी करता येते.

उपचार चालू असताना गावातल्या दंतवैद्याकडे दाढ भरून घेतली किंवा कॅप बसवली, आणि मग एकही ट्रे बसेना, हे फार वेळा होतं. दाताचा आकार बदलला, ट्रे मात्र जुन्या आकाराचा. भरणं, कॅप, दाढ काढणं, सगळं स्कॅनच्या आधी उरकावं. मध्ये करावंच लागलं तर त्या डॉक्टरला ट्रे दाखवावा, म्हणजे भरलेला भाग ट्रेमध्ये बसेल असा घासून देता येतो.

घरबसल्या माप घेऊन टपालानं येणारे ट्रे घेऊ नयेत, असं स्पष्ट सांगावंसं वाटतं. एक्स-रे न काढता हाड किती आहे, मुळं कशी आहेत हे कळत नाही, आणि अडलं की दारात जाऊन विचारायला माणूस नसतो. अमेरिकेतली या धंद्यातली मोठी कंपनी, स्माइल डायरेक्ट क्लब, डिसेंबर 2023 मध्ये बंद पडली तेव्हा उपचार अर्ध्यावर असलेले पेशंट तसेच लटकले.

लांबून डॉक्टरांना फोटो पाठवायचे ते उपयोगी पडतील असे पाठवावेत. काढायला दुसरं माणूस, मागचा कॅमेरा, खिडकीचा उजेड. दोन चमच्यांच्या दांड्यांनी गाल बाजूला ओढून धरायचे. दात मिटून समोरून, उजवीकडून, डावीकडून, मग तोंड उघडून वरचे आणि खालचे. हेच पाच फोटो एकदा ट्रे घालून, एकदा काढून. सोबत ट्रेचा नंबर, तो घालून किती दिवस झाले आणि रोज खरोखर किती तास. शेवटच्या प्रश्नाला लोक हमखास ‘22’ म्हणतात.

शेवटचा ट्रे संपला की त्याच दिवशी रिटेनरचं, म्हणजे सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणाऱ्या साच्याचं, माप द्यावं आणि तो येईपर्यंत शेवटचाच ट्रे घालत राहावा. दात नव्या जागी आलेले असले तरी भोवतालचे धागे ओढून धरतात, फिरवलेल्या दातांचे तर वर्षभर. आधी काही महिने पूर्ण वेळ, मग रोज रात्री. मध्ये खंड पडून रिटेनर घट्ट लागत असेल पण पूर्ण बसत असेल, तर काही दिवस पुन्हा पूर्ण वेळ घालावा. तो वर अडकून राहत असेल आणि कडेला एटीएम कार्डाएवढी फट दिसत असेल तर दाबून बसवू नये. ते काम आता रिटेनरचं राहिलेलं नसतं, पुन्हा स्कॅन करून दोन-चार ट्रे घ्यावे लागतात.